दुष्काळात सुटलेले पोट

आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर उभ्याने जेवत. डाव्या हातातली जर्मनची थाळी छातीच्या उंचीवर, टाचा जुळलेल्या, नजर समोर, आणि उजवा हात थाळी व तोंड यांच्या दरम्यान एका ठरावीक लयीत जा-ये करणारा. थाळी संपली की ती बोटाने निपटून ते उलटी धरीत, समोर बसलेल्या पंगतीला दाखवीत, आणि उजवीकडे वळून पुढच्या पातेल्याकडे जात. मी ज्या घरात वाढलो तेथे अन्न हे देवाचे रूप मानले जाई. ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय कोणी घास उचलत नसे, आणि जेवताना कोणी अवाक्षर काढीत नसे. तरीही इतक्या गांभीर्याने जेवणारा मनुष्य मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि पुढेही पाहिला नाही.

दर दुपारी जितकी पातेली मांडलेली असत तितक्या थाळ्या ते जेवत. त्यामुळे बहात्तर सालच्या दुष्काळात, गुरांच्या बरगड्या रस्त्यावरून दिसत होत्या त्या दिवसांत, मास्तरांचे पोट सुटले.

गाव जत तालुक्यातले, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मी मूळचा साताऱ्याकडचा, कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत शिकलेला. संस्कृत शिकवण्यासाठी या शाळेत आलो होतो, एकटाच राहत होतो, आणि स्वतःच्या हाताने सोवळ्यात शिजवलेले अन्न तेवढे घेत होतो. मास्तर पाटणचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांची अंगकाठी वेताच्या छडीसारखी होती. मला ते शास्त्रीबुवा म्हणत, आणि माझ्या सोवळ्याची चेष्टाही अत्यंत आदराने करीत. "तुमचा देव तुमच्याच हातचं खातो," ते म्हणत, "माझ्या देवाला समद्यांच्या पातेल्यातलं चालतंय."

संध्यावंदनावर माझी जशी श्रद्धा होती तशी त्यांची हुकमावर होती. एकदा हेडमास्तर त्यांना "जरा इथे थांबा" असे सांगून आत गेले आणि विसरून दुसऱ्या दाराने सांगलीच्या गाडीला निघून गेले. शाळा सुटली, शिपायाने दारे लावली, तरी मास्तर व्हरांड्यात उभेच. मी जाऊन सांगितले की हेडमास्तर केव्हाच गेले. ते म्हणाले, "गेलं असतील. पण थांबा म्हनल्यात ते मागं घ्याय नगो का?" शेवटी हेडमास्तरांच्या वतीने मीच "विश्राम" म्हणालो, तेव्हा ते घरी गेले.

त्यांची म्हणून काही वचने होती. ती त्यांनी कोठे वाचली नव्हती. बहुधा रात्रंदिवस पहारा देताना स्वतःच घडवली असावीत. "मानूस दोनच जागी खोटं बोलत न्हाई, परेडवर आनि पंगतीत," हे एक. "भुकंला रजा मंजूर होत न्हाई," हे दुसरे. ही वाक्ये ते सुभाषित म्हटल्यासारखी म्हणत नसत. समोरच्याला माहीत नसलेली एखादी सूचना वाचून दाखवावी तशी सांगत.

त्या वर्षी पाऊस आला नाही. शाळेमागच्या माळावर पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसे तेथे खडी फोडू लागली. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या म्हाताऱ्या-पोरांसाठी सरकारने सुकडी पाठवली. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठात गूळ आणि तेल घालून केलेली पूड. ती कोरडीच मुठीने वाटावी असे होते, परंतु म्हाताऱ्यांना ठसका लागे, म्हणून आमच्या केंद्रावर ती गरम पाण्यात घाटून देत. केंद्र शाळेच्या पटांगणात होते. फौजेतल्या माणसाला पुष्कळांना जेवू घालण्याची सवय असते, या तर्काने ते मास्तरांकडे सोपवण्यात आले. मास्तर फौजेत बिगुल वाजवत असत. हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारल्यावाचून सांगणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

पहिल्या दिवशी सुकडी घाटून तयार झाली, माणसे आली, बसली, आणि कोणी हात लावला नाही. कुटुंबनियोजनाची गाडी त्याच सुमारास तालुक्यात फिरत होती. पिठात पोरे बंद होण्याचे औषध घातले आहे, ही वार्ता सुकडीच्या पोत्यांआधी गावात पोचली होती. धनगरांच्या वाडीतली मायाक्का आजी सर्वांच्या वतीने पुढे आली. मेंढरांमागे कृष्णाकाठापासून विजापूरपर्यंतचा मुलूख पायी हिंडलेली, उंच, वाळलेली, कपाळावर भंडारा भरलेली बाई. तिच्या वाडीत तिचे मत पडल्याशिवाय सोयरीक होत नसे, मग जेवण कसे व्हावे?

तिने पातेल्यात डोकावून विचारले, "ह्ये पीठ कुटलं?"

"समुद्रापलीकडचं, आजी," मास्तर म्हणाले.

"तितली मान्सं खात्यात व्हय?"

"खात्यात की."

"मग हिकडं का धाडलं?"

 मास्तर माझ्याकडे पाहू लागले. माझ्या शिक्षणातही हा विषय नव्हता.

तेव्हा मास्तरांनी पलटणीतला नियम काढला. लंगरमध्ये जवानांचे जेवण वाढण्यापूर्वी त्या दिवशीचा साहेब येऊन चाखतो. नियमामागचे कारण त्यांनी मला नंतर समजावून सांगितले. "शास्त्रीबुवा, सायब मेला तर पलटन वाचली, असा हिशेब असतोय." त्यांनी चमचाभर सुकडी तोंडात टाकली आणि लोकांकडे पाहिले. मायाक्का आजीचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "चाखून काय कळतंय? इख बी चाखाय गोडच लागतंय. ताटभर खावा, उनं उतरंस्तवर हितं हुबं ऱ्हावा, मग बगू."

"मंजूर," मास्तर म्हणाले. त्यांनी ताटभर खाल्ले आणि उन्हात उभे राहिले. सावल्या लांबल्या, मास्तर पडले नाहीत, आणि धनगरांची वाडी जेवली.

पण ती एकच वाडी. बाकीच्या वाड्यांच्या पातेल्यांचा प्रश्न तसाच होता, आणि तो पातेल्यांमुळेच निर्माण झाला होता. केंद्राला सरकारकडून भांडी मिळाली नव्हती. प्रत्येक वाडीने आपल्या देवळातले, जत्रेच्या महाप्रसादाचे पातेले आणून दिले होते. बिरोबाचे एक, मारुतीचे एक, मसोबाचे एक, अशी ती रांगेने चुलाणांवर बसत. पातेल्यावर देवाचे नाव कोरलेले, आणि ज्या वाडीचे पातेले तिनेच त्यातले खावे हा रिवाज. त्यामुळे बिरोबाच्या पातेल्यातले खाऊन मास्तर जिवंत राहिले, हा बिरोबाचा प्रताप झाला. मारुतीच्या पातेल्याची खात्री त्याने कशी पटणार? शिवाय एका देवाचे ताटभर खाऊन दुसऱ्याचे चमचाभर चाखणे हा सरळ अपमान होता. मास्तर उजवीकडे, मारुतीच्या पातेल्याकडे वळले.

असे ते रोज वळू लागले. दिवाळीनंतर त्यांच्या गालांवरचे खळगे भरले. संक्रांतीला त्यांची हनुवटी आणि गळा यांतील भेद नाहीसा होत चालला. शिमग्याला खाकी चड्डीची बटणे लागेनात, तेव्हा शिंप्याने मागच्या बाजूला कळी घातली. खाकी कापड मिळाले नाही म्हणून त्याने सुकडीच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा वापरला. त्यावर परदेशी अक्षरे छापलेली होती. मास्तर पाठ फिरवून कवायत घेऊ लागले की पहिल्या रांगेतली मुले ती अक्षरे पाठ करीत. ही एखादी फौजेतली पदवी असावी असे गावात काही काळ मानले जात होते.

एरवी दुष्काळात लठ्ठ होणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे सांगायला नको. आमच्या पटांगणात मात्र त्या पोटाला प्रमाणपत्राचा मान होता. सुकडी अंगी लागते की नाही, त्यात काही वाईट आहे की नाही, हे पाहण्यासाठी दुसरीकडे जावे लागत नव्हते. पोर खाताना तोंड फिरवू लागले की आई त्याची मान धरून मास्तरांकडे वळवी आणि म्हणे, "खा रं, मास्तरावानी हुशील." पोरे खात. ज्या मुलींचे केस उपासाने तांबडे पडले होते, त्यांचे शिमग्यापर्यंत मुळांशी पुन्हा काळे दिसू लागले. म्हाताऱ्या माणसांच्या पायांची सूज उतरली. अन्न खाल्ले जाते तसे तेही खाणाऱ्याला खाते, असे आमचे गुरुजी सांगत. पाठशाळेत हे घोकताना मला ते केवळ अलंकारिक वाटले होते.

औषधाच्या वार्तेचा निकाल चैत्रात लागला. टँकरच्या रांगेत बायकांच्या ध्यानात आले की मास्तरांच्या पत्नीला दिवस गेले आहेत. बाई शांत, फारसे न बोलणारी. कळशी भरून घरी गेली आणि तिच्यामागे सगळी रांग गेली. मायाक्का आजी आत जाऊन खात्री करून आली. उंबऱ्यावर उभी राहून ती एवढेच म्हणाली, "औशिद न्हाई." त्या दिवसापासून, तोवर दूर राहिलेली तरणी जोडपीही पंगतीत बसू लागली. आरोग्य केंद्राचे डॉक्टर नंतर मला गंभीरपणे म्हणाले की या बाबतीत मास्तरांनी शासनाच्या प्रचार विभागापेक्षा परिणामकारक काम केले.

त्या डॉक्टरांकडे मीच मास्तरांना घेऊन गेलो होतो. मास्तरांच्या डाव्या पावलात बाभळीचा काटा मोडला होता आणि ती जखम कितीतरी आठवडे भरत नव्हती. त्यांना तहान फार लागे. टँकरच्या पाण्याच्या त्या दिवसांत तहान लागणे हे आजाराचे लक्षण आहे हे कोणाच्या लक्षात येणार? बाजाराच्या दिवशी एस.टी.ने आम्ही जतला गेलो. डॉक्टरांनी एका नळीत निळे औषध घेतले, त्यात मास्तरांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग हिरवा झाला, मग पिवळा, आणि शेवटी विटेसारखा. डॉक्टरांनी विचारले की आहारात काय असते. मास्तरांनी पातेल्यांची नावे सांगितली.

डॉक्टरांनी दिवा विझवला. मग त्यांनी समजावून सांगितले की सुकडी ही दिवसभर दगड फोडणाऱ्या उपाशी माणसाचा विचार करून बांधलेली आहे. उभ्या राहणाऱ्या आणि भरल्या पोटाच्या माणसाला तीच सुकडी विषासमान. लठ्ठपणाने शरीरात साखरेचा विकार उभा राहिला आहे. हे असेच चालले तर प्रथम पाय जाईल, नंतर डोळे. त्यानंतर काय जाईल ते सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सुकडीचा एक कणही पोटात जाता कामा नये असे बजावले.

परतताना मास्तर खिडकीशी बसले होते. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "डोळं गेलं तर ड्रिल घेता येतं. हुकूम तोंडानं द्यायचा असतोय." पुन्हा काही वेळाने म्हणाले, "पाय गेला तर जरा पंचाईत हाय, शास्त्रीबुवा. पोर यायचंय. त्याला चालाय कोन शिकवनार?"

मी सुचवले की निदान अर्धी थाळी घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मारुतीच्या पातेल्यापाशी अर्धी थाळी खाऊन उरलेली बाजूला ठेवली. त्या वाडीची सगळी पंगत अर्धे टाकून उठली. पोरांच्या थाळ्यांत राहिलेली सुकडी मास्तरांनी पाहिली. तिसऱ्या दिवशी थाळी पुन्हा पूर्ण झाली.

मग त्यांनी स्वतःच्या पद्धतीने उपाय सुरू केला. घरचे जेवण दोन्ही वेळचे बंद केले. पत्नी भाकरी थापून, पदर सावरून वाट पाहत बसे, आणि हे पाणी पिऊन उठत. दगड फोडणाऱ्याला सुकडी चालते, असे डॉक्टरांच्या बोलण्यातून त्यांनी जे सूत्र घेतले, त्याप्रमाणे दुपारी पंगती उठल्यावर ते माळावर जाऊन हातोडा घेऊन खडी फोडायला बसू लागले. यातून नवीनच तंटा उत्पन्न झाला. त्यांनी फोडलेली खडी कोणत्या वाडीच्या ढिगात जमा धरायची, यावरून मुकादमांत बाचाबाची होऊ लागली, आणि शेवटी मास्तरांनी आपला ढीग मधोमध, कोणाचाच नाही असा, वेगळा रचला. तो ढीग पुढे पुष्कळ दिवस तेथे होता. पावलाची जखम मात्र त्या बैठकीने अधिकच चिघळली. हा आजार त्यांनी पत्नीला सांगितला नव्हता. गावात माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता.

अशात कोणीतरी तालुक्याला निनावी अर्ज केला. त्यात म्हटले होते की दुष्काळग्रस्तांची सुकडी कोठे जाते हे पाहायचे असेल तर येऊन ड्रिल मास्तरांकडे पाहावे. वैशाखाच्या अखेरीस नायब तहसीलदार जीपमधून चौकशीला आले. चष्मा लावणारे, तरुण, सभ्य गृहस्थ; नोकरीत नवे असावेत, कारण ते सर्वांना नमस्कार करीत होते. पुरावा त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभा होता. साहेबांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि चड्डीच्या मागची परदेशी अक्षरे वाचली.

"तुम्ही केंद्रातले अन्न खाता?"

"जी सायब."

"किती?"

"जितकी पातेली तितक्या थाळ्या."

साहेब नकाराची अपेक्षा करून आले होते.  मी पुढे होऊन पलटणीचा नियम, देवळांची पातेली, औषधाची वार्ता असे सर्व क्रमाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते म्हणाले की भावना त्यांना समजली, पण ज्याला सरकारी पगार आहे त्याने दुष्काळी अन्नाला हात लावणे नियमात बसत नाही. गैरव्यवहार झाला असे ते लिहिणार नव्हते. मात्र या क्षणापासून मास्तरांनी एक घासही घेऊ नये, असा त्यांनी आदेश दिला. मी मनातून देवाचे आभार मानले. डॉक्टरांना जे जमले नव्हते ते सरकारने केले होते. मास्तर म्हणाले, "जी सायब," आणि थाळी खाली ठेवली.

नेमकी त्याच दिवशी नव्या पोत्यांतली सुकडी शिजली होती. तिचा रंग आधीच्याहून काळपट होता.

माणसे माळावरून आली, हात धुऊन आपापल्या पातेल्यांसमोर बसली. मास्तर पातेल्यांशेजारी रिकाम्या हातांनी उभे. लोकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग काळपट सुकडीकडे, मग जीपकडे. दुष्काळ लागल्यापासून ज्या माणसाने एक पातेले सोडले नाही तो आज हात लावत नाही, यावरून जे समजायचे ते सर्वांनी समजून घेतले.  एका बाईने पोराच्या हातातली थाळी काढून पालथी ठेवली. मग तसा आवाज पंगतीभर होत गेला.

साहेबांनी पुढे होऊन चमचाभर चाखले. मायाक्का आजीने चाखण्याविषयीचे आपले मत त्यांनाही ऐकवले. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले की तुम्ही विद्वान आहात, तुमचे हे ऐकतील, यांना सांगा. मी सांगितले. आजी म्हणाली, "गुर्जी, येवडं चांगलं हाय तर तुमी खावा की."

मौंज झाल्यापासून मी परक्या चुलीवरचे अन्न घेतले नव्हते. ते व्रत मला प्रिय होते, आजही आहे. समोर थाळ्या पालथ्या पडल्या होत्या आणि पोरे आयांकडे पाहत होती. मी अंगरखा काढून ठेवला, जमिनीवर बसलो, थाळीभोवती पाणी फिरवले, प्राणाहुती घेतल्या आणि थाळी संपवली. मला ती रुचकर लागली. मास्तरांप्रमाणे मी ती उलटी करून दाखवलीसुद्धा.

आजीने मला वरून खाली निरखले. "तुमचं खरं असंल वो," ती आदराने म्हणाली, "पन तुमी लाकडावानी. तुमच्या अंगाला चांगलं बी लागत न्हाई आनि वाईट बी. आमास्नी मास्तर खाल्लेला पायजे."

पंगतीतून होकार आला. कुठल्याशा वाडीची माणसे उठून उपाशीच माळाकडे निघाली होती, त्यांच्यामागून पोरे. साहेबांचा चेहरा उतरला. ते मास्तरांजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "माझा आदेश मी मागे घेतो. तुम्ही खा."

"जी सायब," मास्तर म्हणाले. त्यांनी थाळी उचलली, बिरोबाच्या पातेल्यातून शिगोशीग भरून घेतली आणि टाचा जुळवल्या. डाव्या पावलाला बांधलेली चिंधी ओली झालेली मला दिसत होती.

मी त्या वेळी जे बोललो ते वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो. सांगितले की मास्तरांना साखरेचा आजार झाला आहे, तो याच थाळ्यांनी झाला आहे, पायाची जखम त्यामुळेच भरत नाही, आणि डॉक्टरांनी म्हटले आहे की हे असेच चालले तर पाय जाईल आणि पुढे जीवही. मास्तर माझ्याकडे रागाने पाहत होते. त्यांच्या दृष्टीने मी फितुरी केली होती. त्यांनी घास उचलला.

"थांबा," मायाक्का आजी म्हणाली.

मास्तर थांबले.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "कवापास्नं?"

"शिमग्यापास्नं."

"आनि बोललं न्हाई."

"इचारलं न्हाई कुनी."

आजीने त्यांच्या हातून थाळी काढून घेतली. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वाड्यांत घरची थोर बाई सगळ्यांच्या मागून जेवते. पुरुष, पोरे, सुना, राखणीची कुत्री, सर्व झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते. मायाक्का आजी लग्न होऊन आली तेव्हापासून कोणाच्या आधी जेवलेली नव्हती, आणि चार पुरुषांदेखत तर मुळीच नाही. तिने पदर डोक्यावरून नीट ओढला, पुरुषांच्या पंगतीकडे पाठ केली नाही, आणि उभ्यानेच खाऊ लागली. पुष्कळ पुरुषांनी माना खाली घातल्या. ती सावकाश, एकही कण न सांडता खात होती. थाळी निपटून तिने ती पोरांना दाखवली.

"गोड लय हाय," ती मास्तरांना म्हणाली. "ह्ये येवडं खाऊन बैल बी आजारी पडंल. उद्यापास्नं ह्ये माजं काम. तुमी घरला जावा, बाय वाट बगत आसंल."

धनगरांच्या वाडीने थाळ्या सुलट्या केल्या. तेवढ्यात मारुतीच्या पातेल्यासमोरचा एक म्हातारा चाचरत म्हणाला की ते ठीक आहे, पण आमच्या पातेल्याचे काय? मास्तर सवयीने उजवीकडे वळू लागले.

आजीने त्या म्हाताऱ्याला विचारले, "का रं, तुज्या घरात म्हातारी न्हाई व्हय?"

 मग मारुतीच्या पंगतीच्या अगदी शेवटून, जेथे पातेले खरवडायला बसतात तेथून, एक वाकलेली बाई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि पुढे आली. तिच्यानंतर मसोबाच्या पंगतीतून एक उठली, आणि मग प्रत्येक पातेल्यापाशी एकेक म्हातारी थाळी घेऊन उभी राहिली. जन्मभर सर्वांच्या शेवटी जेवलेल्या त्या बायका सर्वांच्या आधी जेवत होत्या आणि सगळे पटांगण त्यांच्याकडे पाहत होते. माळाकडे निघालेली माणसे परत फिरली.

मास्तरांचा पाय वाचला. पोट पुढे बरेच उतरले तरी पूर्ण कधी गेले नाही. त्यांना मुलगी झाली, आणि तिला चालायला त्यांनीच शिकवले. डावा, उजवा असे मोठ्याने म्हणत शिकवल्यामुळे ती कित्येक दिवस हुकूम मिळाल्याशिवाय पाऊल टाकीत नसे. पण हे सर्व नंतरचे.

त्या दुपारी साहेब वही काढून जीपला टेकून उभे होते. अहवालात काय लिहावे हे त्यांना सुचत नसावे. पगारदाराने खाऊ नये हे ठीक झाले, परंतु ठरलेल्या वाटपाआधी या बायकांनी खाल्ले, त्याला कोणाची तरी मंजुरी दाखवायला हवी होती. त्यांनी मास्तरांना विचारले की यांना खाण्याचा आदेश कोणी दिला.

मास्तरांनी टाचा जुळवल्या. "त्यास्नी हुकूम देता येत न्हाई, सायब," ते म्हणाले. "त्यांचा घ्यावा लागतोय. मला घरी जाऊन जेवायचा मिळालाय."

आणि सलाम करून, ओली चिंधी बांधलेला पाय जपत, ते भर उन्हात घराच्या दिशेने चालू लागले.